रातांब्याचा पत्ता बदलणार का?

मराठी स्वयंपाकघरात काही जिन्नस असे असतात, की ते संपेपर्यंत त्यांची आठवण होत नाही. आमसूल त्यांतलेच एक. आमटीत दोन, सारात चार, माशाच्या तिखल्यात थोडी सढळ हाताने, आणि अंगावर पित्त उठले की पाण्यात कोळून. उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे कोकम सरबत ठेवायचे आणि जेवण संपताना सोलकढी प्यायची, हा शिरस्ता आता कोकणापुरता राहिलेला नाही. पुण्या-मुंबईत आमसूल वाण्याच्या पुडीतून येते, गावच्या घरात ते बरणीतून निघते. पुडी असो वा बरणी, तिच्यामागे एक झाड उभे असते. आंब्यासारखा त्याचा मोसम वर्तमानपत्रात गाजत नाही आणि काजूसारखा त्याचा भाव कोणी विचारत नाही. हे झाड जिथे शतकानुशतके वाढत आले, तिथे ते पुढच्या पन्नास वर्षांत तितक्याच सुखाने वाढेल का, असा प्रश्न आता अभ्यासक विचारू लागले आहेत. हा प्रश्न आपल्या ताटापर्यंत येऊन पोचणारा आहे, म्हणून रविवारच्या निवांत सकाळी त्याच्याकडे जरा पाहू या.

या झाडाला नावे तरी किती! रत्नागिरीकडे रातांबा, तळकोकणात आणि गोव्यात भिरंड. सुकवलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोल, मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ आणि बियांतून काढलेले घट्ट तेल म्हणजे मुठेल. भेगाळलेल्या टाचांना मुठेल चोळणाऱ्या आज्या आता कमी झाल्या, पण तेच तेल आज सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांत जाते. शास्त्रज्ञांनी या झाडाला 'गार्सिनिया इंडिका' असे नाव दिले. नावात अख्खा भारत असला, तरी झाडाचा संसार फार छोटा आहे. कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी, उत्तर केरळ आणि या साऱ्यांच्या पाठीशी उभा असलेला सह्याद्री. जगाच्या पाठीवर हे झाड निसर्गतः वाढते ते एवढ्याच पट्ट्यात. म्हणून त्याचे इथले स्थान डळमळले, तर दुसरीकडून ते आणण्याची सोय नाही. जगभरच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या लाल यादीत त्याची नोंद 'संकटप्रवण' अशी आहे.

अंदाजपत्रक काय सांगते?

उत्तर पश्चिम घाटातील कोकमाच्या अधिवासावर हवामानबदलाचा काय परिणाम होईल, याचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याची रीत समजायला अवघड नाही. झाड आज नक्की कुठे आढळते अशा ५६ ठिकाणांची नोंद घेतली. त्या ठिकाणांचे तापमान आणि पाऊस यांचा तपशील संगणकाला दिला आणि त्यावरून या झाडाला कसे हवामान मानवते याचे गणित बसवले. मग पृथ्वी कमी तापली, मध्यम तापली किंवा फार तापली, तर २०५० आणि २०७० साली तसे हवामान कुठे कुठे उरेल हे नकाशावर उतरवले.

या नकाशातली आजचीच स्थिती पुरेशी बोलकी आहे. अभ्यासलेल्या प्रदेशापैकी जेमतेम साडेदहा टक्के भाग कोकमाला मध्यम ते उत्तम मानवणारा निघाला, आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग जवळजवळ निरुपयोगी. भविष्यातल्या सर्वांत तापलेल्या चित्रात ही मानवणारी जागा २०५० पर्यंत लक्षणीय आक्रसते आणि २०७० पर्यंत आणखी थोडी.

मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेच्या नोकरीत काढली. कर्जाच्या प्रस्तावासोबत पुढल्या सात वर्षांचे अंदाजी ताळेबंद जोडलेले असतात. ते अंदाजी आहेत हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तरी ते बारकाईने वाचायचे असतात, कारण धंदा नेमका कोणत्या खांबावर टेकला आहे ते त्यातून कळते. वीजदर वाढला तर काय, कच्चा माल महागला तर काय, हे प्रश्न त्या कागदावरूनच सुचतात. हवामानाचे नकाशेही तसेच वाचावेत. त्यांतल्या आकड्यांना भविष्यवाणी समजू नये आणि आकडे अंदाजी आहेत म्हणून कागद फाडूनही टाकू नये.

मग कोकमाचा खांब कोणता? अभ्यासात सर्वाधिक वजन पडले ते पावसाला नव्हते. ते पडले वर्षभरातल्या तापमानाच्या चढउताराला. वार्षिक पाऊस त्याच्या मागून आला. पहिल्यांदा वाचताना याचे नवल वाटते, पण कोकणात राहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ लगेच उमगेल. नागपूरचा माणूस डिसेंबरात कुडकुडतो आणि मेमध्ये भाजून निघतो. रत्नागिरीच्या माणसाला थंडी आणि उन्हाळा यांतला फरक त्या मानाने बेताचा वाटतो, कारण समुद्र शेजारी असतो आणि तो हवेला फार तापू देत नाही, फार निवूही देत नाही. रातांबा हा या समशीतोष्ण शेजाराचा रहिवासी आहे. सदाहरित, सावलीत वाढणारे, दमट हवेवर जगणारे हे झाड टोकाच्या ऋतूंसाठी घडलेले नाही.

हा समतोल आता हलू लागला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत हवामान खात्याला कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला आणि २०२५ च्या फेब्रुवारीतही तीच वेळ आली. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे सकाळी अंगावर शाल घ्यायचा महिना आणि कोकमाच्या फुलोऱ्याचा शेवटचा टप्पा. जागतिक पातळीवर २०२४ हे साल औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत तेच सर्वांत उष्ण होते.

जायचे तरी कुठे?

वाचकांच्या मनात एक साधी शंका येईल. जागा मानवेनाशी झाली, तर झाड हळूहळू दुसरीकडे सरकणार नाही का? हवामान पूर्वीही बदलत आले आहे आणि वनस्पतींनी आपले पत्ते बदलले आहेत. प्रश्न वेगाचा आणि वाटेचा आहे.

कोकमाचे बी धान्यासारखे कोठारात टिकत नाही. ते सुकले की मरते. फळ पिकते उन्हाळ्याच्या अखेरीस आणि बी रुजते पहिल्या पावसाच्या ओलीत. या दोन गोष्टींची गाठ निसर्गाने अगदी नेमकी मारलेली आहे. माकडांनी वा उदमांजरांनी फळ खाल्ले, बी थोडे दूर पडले, ओल मिळाली, सावली मिळाली, तर रोप येते. त्या रोपाला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. म्हणजे एका पिढीत झाड फार तर शेजारच्या परड्यापर्यंत जाणार. हवामान मात्र एका माणसाच्या आयुष्यात बदलते आहे.

आता वाट पाहू. पश्चिमेला समुद्र. पूर्वेला सह्याद्री चढून जावे, तर माथा अरुंद आणि त्यापलीकडे पाऊसच संपतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि घाट उतरून वाईला यावे तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नाही. एवढ्याशा अंतरात जिथे ऋतू बदलतो, तिथे दमट हवेच्या झाडाने पाय कुठे ठेवायचा? उरली उत्तर-दक्षिण वाट. डोंगरउतारांवरचे रान सलग होते तोवर ती वाट होती. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातले उतार आंबा-काजूने भरले. कोकणच्या अर्थकारणाला त्या योजनेने हात दिला, हे मी जवळून पाहिले आहे. त्या बागांनी कित्येक घरांची कौले बदलली. पण एकाच जातीच्या झाडांची बाग आणि मिश्र रान यांत फरक असतो. दोडामार्गाकडे पुढे रबर आले, कुठे खाणी आल्या, महामार्ग रुंद झाला. सलग रानाचे तुकडे झाले आणि झाडाची वाट तुटली.

म्हणून अधिवास आक्रसतो याचा अर्थ उद्या सकाळी रातांबे वाळून जातील असा घेऊ नये. जुनी झाडे उभी राहतील, फळेही देतील. त्यांच्याखाली नवी रोपे येणार नाहीत. जुन्या ठेवीदारांवर चालणाऱ्या, पण नवे एकही खाते न उघडणाऱ्या शाखेसारखी ही अवस्था असते. ताळेबंद बरीच वर्षे चांगला दिसतो.

मे महिन्याचा जुगार

हे झाले दूरचे. जवळचे संकट निराळे आहे आणि ते नकाशात उमटत नाही. कोकमाचे फळ एप्रिलपासून पिकू लागते, पण बराचसा माल मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या तोंडावर हाताशी येतो. झाडावरून उतरवलेल्या फळाचे आमसूल व्हायला कडक ऊन लागते. साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा पसरायच्या. अशी पुटे देता देता आठवडा जातो. त्या आठवड्यात आभाळ भरून आले, तर सालीवर बुरशी धरते. पावसाने झोडपलेले फळ तर उतरवण्याआधीच हातातून जाते.

२०२५ च्या मे महिन्यात नेमके हेच झाले. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून कोकणात वळवाचा जोर सुरू झाला, २५ तारखेला मोसमी पाऊस तळकोकणात दाखल झाला आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे. दोन आठवड्यांचा हा फरक शहरातल्या माणसासाठी छत्री लवकर काढण्याचा होता. कोकम सुकवणाऱ्या घरासाठी तो वर्षाच्या कमाईचा होता. एका वर्षावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, हे खरे. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि त्याचा स्वभाव बदलतो आहे, याचे पुरावे एका वर्षाचे नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेले. दोन्ही वादळांचा मुहूर्त कोकमाच्या हंगामातलाच. नारळी-पोफळीच्या वाडीत कोकम सावलीचे झाड म्हणून वाढते. वाडी आडवी झाली की त्याच्या डोक्यावरचे छप्परच जाते.

पाऊस वाढला तर पाणी पिणाऱ्या झाडाला बरेच की, असेही कोणी म्हणेल. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसतो आणि मेमध्ये टँकर धावतात, हे आपण वर्षानुवर्षे वाचतो. जांभ्या दगडाची जमीन पाणी धरून ठेवत नाही. तोच पाऊस कमी दिवसांत धो धो कोसळला, तर तो लवकर समुद्राला मिळतो आणि कोरडे महिने आणखी कोरडे होतात. झाडाला वर्षाच्या बेरजेशी देणेघेणे नसते. त्याला मार्चमध्ये मुळांशी ओल हवी असते.

हिशेबात नसलेले झाड

नोकरीत असताना काही वर्षे मी तळकोकणातल्या एका शाखेत होतो. आंब्याला कर्ज, काजूला कर्ज, होडीला कर्ज, दुभत्या म्हशीला कर्ज, असे अर्ज रोज येत. कोकमासाठी अर्ज आल्याचे आठवत नाही. एकदा एका वाडीत थकबाकीच्या वसुलीला गेलो असता, अंगणात सोले वाळत घालणाऱ्या एका आजींना मी विचारले, "आजी, आंब्यासाठी कर्ज घेतलंत, मग कोकमाची चार झाडं का नाही लावत?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सायबानू, भिरंडाक खंयचा कर्ज? ता आपसूक येता."

आपसूक येते. या दोन शब्दांत या झाडाचे सारे अर्थशास्त्र आले. बांधावर, परसात, ओढ्याच्या काठी, देवराईच्या कडेला ते आले आणि वाढले. लावले नाही, म्हणून मोजले नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुधा नसते. नोंद नाही म्हणून कर्ज नाही, आणि नुकसान झाले तर पंचनाम्यात ते शेवटच्या ओळीत. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचा आधार कोकणाला मिळाला, तो मुख्यतः आंबा आणि काजू यांच्यासाठी. कोकमाची कमाई बहुतेक घरांत बाईच्या हातात येते. फळे गोळा करणे, फोडणे, पुटे देणे, आगळ भरणे, मुठेल काढणे ही कामे बायकाच करतात आणि त्यातून शाळेच्या वह्या, आजारपण, एखादा दागिना निभावतो. ही रक्कम कुठल्याच खतावणीत दिसत नाही. ती बुडाली, तरी कुठल्याच खतावणीत दिसणार नाही.

हवामानबदलाने प्रथम काय हिरावून घेतले असेल, तर हे 'आपसूक' हिरावून घेतले आहे. जे आपोआप येत होते, ते आता हेतुपूर्वक आणावे लागेल.

सुदैवाने हे करता येण्यासारखे आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती दिल्या आहेत. कलमांमुळे फळासाठी लागणारी वर्षे कमी होतात. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण इथे एक सावधगिरी हवी. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढलेल्या झाडांतली जवळपास निम्मी नर निघतात. ती फळ देत नाहीत, म्हणून सरपणाला जातात. उरलेल्या मादी झाडांचे पराग कुठून यायचे, याचा विचार कुऱ्हाड चालवताना होत नाही. आणि दोन-चार उत्तम झाडांची कलमे सगळीकडे लावली, तर उत्पन्न वाढेल, पण साऱ्या वाड्या एकाच रक्ताच्या होतील. उद्याचा उन्हाळा कसा असेल हे आपल्याला ठाऊक नाही. कुठल्यातरी परड्यात एखादे आंबट, लहान फळाचे, कोणी न विचारणारे झाड असेल, ज्याच्या अंगी जास्त उष्मा सोसण्याची किंवा पावसाच्या आधी पिकण्याची शक्ती असेल. बँकेत आम्ही सारी रक्कम एकाच उद्योगाला देत नसू, त्यामागचा विचार हाच होता.

म्हणून देवरायांचे महत्त्व पुन्हा सांगावेसे वाटते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या धाकाने राखलेल्या या रानांत किती मोठा ठेवा आहे ते लोकांसमोर आले. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालावर वाद झाले आणि ते वाद संपलेले नाहीत. रान राखायचे की रोजगार द्यायचा, असा तो वाद मांडला जातो. कोकम हे या मांडणीला दिलेले एक उत्तर आहे. ते रान राखूनच रोजगार देणारे झाड आहे. त्याला सावली हवी, शेजार हवा, मिश्र वाडी हवी. डोंगर बोडका करून त्याची बाग लावणे म्हणजे त्याला त्याच्याच घरातून बाहेर काढण्यासारखे आहे.

सरकारने करायच्या गोष्टी उघड आहेत. झाडांची मोजदाद व्हावी, विम्याच्या यादीत आणि कर्जाच्या निकषांत कोकमाला स्वतःची ओळ मिळावी, गावोगाव पाऊस आला तरी चालतील अशी सुकवणीची सोय असावी. यांतल्या कशालाही फार मोठा पैसा लागत नाही. उशीर मात्र परवडणारा नाही. आज लावलेले रोप फळ धरेल तेव्हा पुढचे दशक अर्धे सरलेले असेल, आणि २०५० साल ज्या झाडांनी पाहायचे आहे ती आत्ताच जमिनीत असायला हवीत.

आपल्यासारख्यांनी करायच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. ज्यांचे गावी घर आहे, पण जाणे फक्त गणपतीत आणि मेमध्ये होते, अशी कुटुंबे हे वाचत असतील. परसातले नर झाड 'फुकटचे' म्हणून तोडायला सांगू नका. मेमध्ये गेलात, तर चांगल्या झाडाच्या चार बिया त्याच आठवड्यात ओल्या मातीत, सावलीला पुरून या. मुंबईला आणून ठेवाल, तर त्या मरतील. नातवंडांना सरबत देताना हे फळ कुठून येते तेही सांगा. आणि आमसूल घेताना ते कुणाच्या अंगणात वाळले याची वाण्याकडे चौकशी करा, जमले तर थेट त्या घराकडून घ्या. दोन रुपये जास्त पडतील, पण ज्या हातांनी हे झाड राखले, त्यांना ते यापुढेही राखावेसे वाटेल.